खाली बघून झाडं ओळखणे

रविवार, फाल्गुन

झाडं ओळखायला शिकायचं म्हटलं की जो तो वर बघायला सांगतो. मी हल्ली आधी खाली बघते. जुन्या झाडाची पहिली फांदीच दुसऱ्या मजल्याच्या वर असते. तिथलं पान हाताला लागत नाही, फूल नीट दिसत नाही, मान मात्र आखडते. बुंध्याभोवती काय पडलंय ते पाहिलं की निम्मं काम होतं.

त्यासाठी हे दिवस उत्तम. शेंगा वाळल्यात आणि पाऊस नसल्याने पडलेलं कुजत नाही. आज पुण्यात एरंडवण्याच्या गल्ल्यांमधून लॉ कॉलेजच्या टेकडीवर गेले आणि वाटभर हेच केलं.

गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर यांची पानं सारखीच बारीक पर्णिकांची. मे महिन्यात लाल-पिवळं बघून कुणीही नाव सांगेल. आत्ता सांगायचं तर शेंग बघायची. गुलमोहराची लांबलचक, लाकडासारखी टणक, दीड-दोन फुटांपर्यंतही जाते. सोनमोहराची बोटाएवढी, चपटी, तांबूस-तपकिरी. नीलमोहराची तर शेंगच नाही, गोल चपटी डबी. ती उकलली की आत पातळ पंखांच्या बिया. आणखी एक खूण म्हणजे नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर येतात, बाकी दोघांची एकाआड एक. पण ती बघायला परत वर बघणं आलं.

शिरीष आणि रेन ट्री यांचंही तसंच. गुलाबी तुरे रेन ट्रीचे, शिरीषाचे पिवळसर-पांढरे, पण आत्ता दोघांनाही फूल नाही. शिरीषाखाली फिक्या पिवळ्या, कागदी शेंगा, वारा आला की वरच्या उरलेल्या खुळखुळतात. रेन ट्रीखाली काळपट, जाड, आतून गोड-चिकट शेंगा, चपलेखाली चिरडलेल्या. शेळ्या आवडीने खातात.

रस्ता झाडणाऱ्या मावशींना हे सगळं पाठ आहे. थांबून विचारलं तर म्हणाल्या, "नाव नाही माहीत ताई, पण ह्याची शेंग झाडूला चिकटते, लय वैताग. आणि ते तिकडचं आहे ना, ते उन्हाळ्यात रोज पिवळा सडा घालतं." ते सोनमोहर. नाव सोडलं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि नाव ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट.

पुढे वावळ. लांबून वाटतं नवी पालवी फुटलीय. जवळ गेलं की कळतं, ती पानं नाहीत, फळं आहेत: हिरवी, गोल, पातळ, मधोमध एक बी. वाळली की वाऱ्यावर उडतात. पान चुरगळून नाकाशी धरलं तर घाण वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. फोनमधलं अ‍ॅप पानाचा फोटो बऱ्यापैकी ओळखतं, पण वास आणि खुळखुळाट त्याला कुठून कळणार?

टेकडीवर गिरिपुष्प गुलाबी फुललंय. ते लावलेलं, मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. इथली खरी रहिवासी म्हणजे मोई, सालई, गणेर. निष्पर्ण गणेरीखाली पिवळीधमक, हाताच्या तळव्याएवढी फुलं अख्खीच्या अख्खी पडलेली. टेकडीवर येऊन फक्त पावलं मोजणाऱ्या मंडळींना ती दिसतही नाहीत, याचा मला उगाचच राग येतो. काटेसावरीचीही फुलं पडलेली, मांसल पाच पाकळ्यांची, चांगली जड.

अर्थात जमीन कधीकधी फसवते. वावळाच्या चकत्या उडून भलत्याच झाडाखाली जमतात. बुंध्याभोवती सिमेंट ओतलेलं असेल तर सगळं वाहून किंवा उडून गेलेलं असतं. म्हणून खाली अंदाज बांधायचा आणि मग साल, फांदी, पान बघून तो ताडून घ्यायचा.

बागांमध्ये तर पंचाईतच. आपण पोचेपर्यंत सगळं लख्ख झाडून झालेलं. तिथे नावाच्या पाट्या असतात हे खरं, पण पाटी वाचली की झाड बघायचं राहून जातं.

पुढच्या रविवारी सहालाच निघायचं. झाडायला कुठल्या टोकाकडून सुरुवात करता, ते मावशींना विचारून ठेवलंय. मी दुसऱ्या टोकाकडून सुरू करणार.