गांधीनगरचे एक खरेदीखत

मिळकतींचे दस्त तयार करणे हा कोल्हापुरात माझा रोजचा व्यवसाय आहे आणि त्यातील बहुतेक व्यवहार दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. गांधीनगरातील दोन खोल्यांच्या एका घराचा व्यवहार मात्र लक्षात राहिला, कारण घर घेणारा गृहस्थ पाकिस्तानचा नागरिक होता आणि विकणारे कुटुंब फाळणीनंतर तिकडूनच आलेले होते.

ज्या वळिवडे छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तिथेच पुढे सिंधी कुटुंबे वसली आणि वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. विकणाऱ्या आजींच्या सासऱ्यांनी सिंधमध्ये सोडलेल्या घराचा दावा लावला होता. विस्थापितांच्या भरपाईसाठी केलेल्या 1954 च्या कायद्यानुसार त्या दाव्याची रक्कम इथल्या घराच्या किमतीत वळती झाली आणि राष्ट्रपतींच्या वतीने दिलेला मालकीचा दस्त त्यांच्या हाती आला. तो कागद आजींनी इतका जपला होता, की पुढची कागदपत्रे करायची राहून गेली. मिळकत पत्रिकेवर अजूनही सासऱ्यांचेच नाव होते. वारस नोंद करून सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करण्यातच आमचे पुष्कळ दिवस गेले. घर आपलेच आहे, मग नोंद कशाला, हा युक्तिवाद मी फक्त निर्वासितांच्या नव्हे, तर करवीर तालुक्यातल्या जुन्या शेतकरी घरांतही ऐकतो.

खरेदीदाराचे प्रकरण निराळे होते. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे त्याचे सारे हक्क दीर्घ मुदतीच्या व्हिसाला बांधलेले होते. तो 31 डिसेंबर 2014 नंतर आलेला असल्याने 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीचा लाभ त्याला नव्हता. तरीही केंद्र सरकारच्या 2019 च्या परकीय चलनविषयक नियमांमुळे पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्हिसाधारकांना राहण्यासाठी एक आणि स्वयंरोजगारासाठी एक अशी मिळकत घेता येते. शेतजमीन या सवलतीत बसत नाही. पैसे कुठून आले, याचे निवेदन जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्यांना द्यावे लागते, खरेदीखतात नागरिकत्व आणि व्हिसा यांचा उल्लेख करावा लागतो, दस्ताची प्रत परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना व केंद्रीय गृह मंत्रालयाला पाठवावी लागते आणि नागरिकत्व मिळण्याआधी घर विकायचे झाल्यास त्या पोलीस अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

दस्ताचा मसुदा वाचून दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंना माझ्या कार्यालयात बोलावले, तेव्हा या अटी त्याने शांतपणे ऐकून घेतल्या. पैशांच्या निवेदनासाठी त्याने कापड दुकानातल्या पगाराचे पासबुक आणि नातलगांकडून घेतलेल्या उसनवारीचा हिशेब आणला होता. तो हिशेब चोख होता. मग टेबलावर ठेवलेल्या आजींच्या जुन्या दस्ताकडे बोट दाखवून त्याने विचारले, "वकीलसाहेब, माझेही तिकडे घर आहे. त्याचा दावा कुठे लावायचा?"

मी त्याला सांगितले, की दाव्यांचा 1950 चा आणि भरपाईचा 1954 चा, हे दोन्ही कायदे फाळणीच्या विस्थापितांसाठी होते, 2005 मध्ये ते रद्दही झाले आणि नव्याने येणाऱ्यांसाठी तशी कोणतीही तरतूद नाही. ज्या पिढीला शासनाने दावा लावायला सांगितला आणि जी पिढी आता घराला कुलूप लावून आली, त्या दोघींचे नुकसान सारखेच आहे. पण हिशेब एकीचाच मांडला गेला. ही गोष्ट मला वकील म्हणून खटकते. मी बोलत असताना आजी त्या जुन्या कागदाची घडी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनाही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली होती, बाळा." त्या बोलण्यात दिलासा होता की नुसती माहिती, हे मला सांगता येणार नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात ओळख देणारे म्हणून गल्लीतलेच दोघे शेजारी उभे राहिले. दस्त नोंदवला गेला आणि प्रती पाठवण्याचे पत्र मी त्याच संध्याकाळी तयार केले. जाण्यापूर्वी आजींनी बाजारातल्या आपल्या गाळ्याची मिळकत पत्रिका पिशवीतून काढली. तिच्यावरही सासऱ्यांचेच नाव आहे. त्या वारस नोंदीसाठी आता उल्हासनगरच्या दिरांचे संमतीपत्र मागवले आहे.