चार्जरची मधली पिन

जुन्या लॅपटॉपवर गेम चालवून द्या, असं म्हणत येणारी पोरं माझ्या दुकानाला नवीन नाहीत. बहुतेकांना मी काउंटरवरूनच परत पाठवतो. 2012 चा लॅपटॉप घेऊन कोणी 'एल्डन रिंग' म्हणालं, तर त्या गेमला 12 जीबी रॅम आणि जीटीएक्स 1060 लागतं एवढंच सांगतो. पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. असल्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळत नसतं, हे मात्र प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.

हा पोरगा 'व्हॅलोरंट' म्हणाला, म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. 2020 साली आलेला हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम मुद्दाम हलका ठेवलेला आहे. इंटेल एचडी 4000, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेलं साधं ग्राफिक्स, आणि 4 जीबी रॅमवर सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 30 चित्रं, मिळावीत, असं कंपनीनंच धरलेलं. पोराच्या लॅपटॉपमध्ये नेमकं तेच होतं: तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह 3210एम प्रोसेसर, एचडी 4000, रॅमची 4 जीबीची एकच पट्टी. कागदावर सगळं बसत होतं. प्रत्यक्षात फ्रेम मिळत होत्या तेरा-चौदा. समोरचा दिसेपर्यंत हा मेलेला.

सोबत वडील होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. "होत नसंल तर सांगा दादा, उगंच पैसं घालवायला नकोत," म्हणाले. लॅपटॉप मूळचा थोरल्या मुलीचा. तिचं बी. कॉम. त्यावरच झालं होतं. पुढे तो फारच रडतखडत चालायला लागला म्हणून तिनं धाकट्याला देऊन टाकला.

पोराकडे मित्रांनी दिलेले सल्ले भरपूर. एक म्हणाला, लिनक्स टाक, हलकं होतं. लिनक्स हलकं असतं हे खरं, पण या गेमबरोबर येणारं व्हॅनगार्ड नावाचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे गेमही नाही. दुसरा म्हणाला, विंडोज 11 टाक. तिथे हाच गेम टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा तपासणी मागतो, आणि 2012 च्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 येणार कुठून? विंडोज 10 होतं तेच बरं होतं.

माझा पहिला संशय उष्णतेवर. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये थर्मल पेस्ट वाळून कडक होते, फॅनच्या जाळीत धुळीचा थर बसतो, आणि प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. गेम सराव-मैदानात चालू ठेवला आणि शेजारी तापमान लावलं. साठ अंशाच्याही खाली. फॅन निवांत. पण टास्क मॅनेजरमध्ये वेग 1.19 गिगाहर्ट्झवर खिळलेला. हा प्रोसेसर 2.5 चा, जोर लागला तर दोन्ही कोअर 2.9 पर्यंत जातात. थंड असून असा चालतो म्हणजे कोणीतरी त्याला धरून ठेवलंय.

पॉवर प्लॅन बघितला, ठीक होता. मग नजर चार्जरवर गेली. कंपनीचं नाव नसलेला, हलका, नवाकोरा. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे ती चार्ज होते की नाही हे घरात कोणी बघतच नव्हतं.

या बनावटीच्या लॅपटॉपच्या चार्जरला जॅकच्या मधोमध एक बारीक पिन असते. वीज त्यातून येत नाही. चार्जरच्या आत एक चिमुकली चिप असते आणि ती या पिनवरून मशीनला सांगते, मी 65 वॅटचा आहे. चिप नसेल किंवा पिन वाकली असेल, तर मशीन चालू राहतं, पण समोरून किती वीज मिळेल याची खात्री नाही म्हणून प्रोसेसरला तळाच्या वेगावर बांधून ठेवतं. चालू होताना स्क्रीनवर तशी सूचनाही येते. मग इथे का येत नव्हती? बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो तर ॲडॉप्टर वॉर्निंग बंद. आधी कोणीतरी, रोजची कटकट नको म्हणून, सूचनाच मिटवून ठेवली होती. दुरुस्तीतल्या या प्रकारावर माझा फार राग आहे.

माळ्यावरच्या मेलेल्या लॅपटॉपचा मूळ चार्जर काढला, लावला. 1.19 चे 2.89 झाले. गेममधला आकडा तेहतीसच्या आसपास. पोरानं वडिलांकडे बघितलं, वडिलांनी चार्जरकडे.

"म्हंजे मोटार चांगलीय, व्होल्टेज न्हवतं म्हणा की," ते म्हणाले. अगदी तंतोतंत नाही, पण मी मान डोलावली.

आता रॅम. एचडी 4000 ला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच उचलते. एक पट्टी असेल तर 1600 वेगाच्या डीडीआर3 या जातीच्या रॅमला सेकंदाला 12.8 जीबीचा रस्ता मिळतो, दोन असल्या की 25.6. वेग वाढवायचा म्हणून लोक थेट एसएसडीकडे धावतात. एसएसडीनं विंडोज आणि मॅप लवकर उघडतात, पण फ्रेम वाढत नाहीत. दुसरा स्लॉट मोकळाच होता. जुनी पण तपासलेली 4 जीबीची पट्टी सहाशे रुपयांत बसवली, सेटिंग्ज सगळी लो केली. पन्नासच्या आसपास. गेममध्ये कोणी स्मोक, म्हणजे धूर, टाकला की आकडा चाळिशीच्या खाली घसरायचा, तेवढं चालतंय म्हणाला पोरगा. हार्ड डिस्क तशीच ठेवली. पहिल्या राउंडला हा उशिरा पोचणार, हेही सांगितलं.

चार्जर आणि रॅम मिळून बिल दीड हजाराच्या आत बसलं. वडिलांनी पैसे मोजून दिले आणि डुप्लिकेट चार्जर पिशवीत टाकला, ज्यानं विकला त्याच्या टेबलावर ठेवायला.

दोन दिवसांनी थोरलीचा फोन आला. "दादा, तो लॅपटॉप आता टॅलीला चालंल का वो? एक्सेल तर मघाशी पटकन उघडलं."

चालेल म्हणालो. मागून पोराचा आवाज येत होता, "सांगू नका, सांगू नका!"