स्वतःचे नाव असलेले जनावर

मराठीत रानातल्या जनावरांना नावे देताना पुष्कळदा घरातले मांजरच मदतीला आले आहे. खवल्या मांजर, पाणमांजर आणि उदमांजर या तिघांपैकी एकही मांजराच्या कुळातले नाही. तरी तिघांना मांजर व्हावे लागले. या गर्दीत तरसाचे नाव मला नेहमी वेगळे वाटत आले आहे, कारण ते कोणाकडून उसने घेतलेले नाही. काना, मात्रा, वेलांटी काहीही नसलेल्या तीन अक्षरांचे हे नाव त्या एकट्या जनावराचे आहे.

नावाचे मूळ संस्कृतातल्या ‘तरक्षु’ या शब्दात सापडते. ‘क्ष’ला सोलून त्याचा ‘स’ किंवा ‘श’ करण्याची मराठीची जुनी खोड येथेही दिसते: इक्षूचा ऊस झाला, कुक्षीची कूस झाली, क्षेत्राचे शेत झाले आणि त्याच वाटेने तरक्षूचे तरस झाले. अमरकोशात ‘तरक्षुस्तु मृगादनः’ अशी नोंद आहे. मृगादन म्हणजे मृगांना खाणारा. ही पदवी मला जरा चढवून दिलेली वाटते, कारण आपल्याकडच्या पट्टेरी तरसाचा निर्वाह मुख्यतः मेलेल्या जनावरांवर चालतो आणि इतरांनी सोडून दिलेली हाडेदेखील ते आपल्या भक्कम जबड्याने फोडून पचवते.

इतर भाषांनी मात्र या प्राण्याला कोणा ना कोणाचे नातलग करूनच ओळखले. हिंदीतल्या ‘लकडबग्घा’ या नावात वाघ दडलेला आहे. ग्रीकांनी बहुधा मानेवरचे राठ केस पाहून त्याचे नाव डुकरावरून पाडले, आणि तेच नाव ‘हायना’ या रूपात पुढे युरोपभर पसरले. 1758 मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने त्याला ‘कॅनिस हायना’ म्हणून थेट कुत्र्यांच्या पंगतीत बसवले. पुढे अभ्यास वाढला तसे तरसांचे कुळ स्वतंत्र असल्याचे आणि त्यांचे नाते कुत्र्यापेक्षा मुंगूस व मांजर यांच्याशी अधिक जवळचे असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे मांजर हे उपनाव द्यायचेच होते, तर खवल्या मांजरापेक्षा तरसाचा त्यावर अधिक हक्क होता. पण मराठीने त्याला त्या मोहात पाडले नाही, हे बरेच झाले.

या नावाला एक तोतया भाऊही आहे. हिंदीत ‘तरस’ म्हणजे कीव, आणि ‘तरस खाना’ म्हणजे कीव करणे. मराठी कानाला ‘मुझ पर तरस खाओ’ ही विनवणी प्रथम ऐकताना भलतेच भोजन सुचवते. आपल्या ‘तरसणे’चा संबंध तहान किंवा लालसा या अर्थाच्या ‘तर्ष’शी आहे; हा हिंदी तरस काय किंवा ते तरसणे काय, त्या रानातल्या जनावराशी दोघांचाही संबंध नाही. हिंदीने जनावराला दुसरे नाव दिल्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. मराठीत ‘तो तरसला’ आणि ‘ते तरस’ यांतला फरक व्याकरणच सांभाळून घेते.

वापराच्या बाबतीत मात्र हे नाव उपेक्षितच राहिले. कोल्हा काकडीला राजी होतो, लांडगा ‘आला रे आला’ म्हणून गाजतो, वाघाला वाघोबा म्हटले तरी तो खातोच; तरसाला अशी एखादी रुळलेली म्हण मिळाल्याचे मला तरी आठवत नाही. रात्री हिंडणारे, एकटेदुकटे, माणसाच्या वाटेतून बाजूला सरकणारे हे जनावर म्हणींना पुरेसे दिसलेच नसावे. अलीकडे ‘तरसासारखे हसणे’ हा प्रयोग अधूनमधून वाचायला मिळतो, पण तो इंग्रजीतून आणि आफ्रिकेवरच्या माहितीपटांतून आला आहे. ते विकट हास्य ठिपकेवाल्या तरसाचे. आपले पट्टेरी तरस फारसा आवाजच करत नाही. दुसऱ्या तरसाशी गाठ पडली की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ ताठ उभारून ते आपले म्हणणे मांडते. तेव्हा कादंबरीतल्या खलनायकाला तरसासारखे हसवायचेच असेल, तर लेखकाने निदान ‘ठिपकेवाल्या’ एवढा एक शब्द खर्च करावा.