हिरव्या नावाच्या फायली

गोव्यात फोंड्याला माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. डेटा गेला म्हणून रडकुंडीला आलेली माणसं रोज येतात, कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा टॅलीचा डेटा, पण दोन वर्षांपूर्वी व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या, आदल्या दिवशी जी केस आली ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सावईवेरेच्या वाटेवरच्या एका गावातून एक काकी आल्या, बरोबर त्यांचा पुतण्या आणि पिशवीत घातलेला सीपीयू. काकींचे यजमान मराठीचे मास्तर, त्याच वर्षी पावसात वारले. गावच्या जत्रेला दरवर्षी देवळापुढे जे नाटक होतं ते बरीच वर्षं मास्तरच लिहीत होते. आपल्याकडे घरात बोलायला कोकणी आणि लिहायला, नाटकाला मराठी हे असंच चालत आलंय. जत्रा दोन महिन्यांवर, मास्तरांचं शेवटचं नाटक लिहून झालेलं, मुलांना तालीम सुरू करायची, आणि नाटक त्या डब्यात अडकलेलं.

झालं होतं असं की कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून पुतण्याने तो एका दुकानात दिला आणि तिथे जुनं विंडोज ७ होतं त्यावर विंडोज १० टाकून दिलं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला, त्यामुळे बदलायला हवंच होतं, त्यात चूक काही नाही. पण टाकण्याआधी कुणी विचारलं नाही की बाबा आत काय आहे, कसं ठेवलंय. नाटकं डी ड्राइव्हवर होती, डी ला हात लावलेला नाही, म्हणून सगळे निवांत होते. घरी येऊन फोल्डर उघडायला गेले तर परमिशन नाही.

पुतण्या हुशार, त्याने नेटवर बघून फायलींची मालकी आणि परवानगी बदलणाऱ्या टेकओन आणि आयकॅक्ल्सच्या कमांड मारल्या, फोल्डर उघडला, आतल्या फायली दिसायला लागल्या, पण एकही फाईल वर्डमध्ये उघडेना. प्रत्येक फाईलवर छोटं कुलूप. मी दुकानात डिस्क लावून बघितली तेव्हा माझ्याकडे ती सगळी नावं हिरव्या रंगात दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण हिरवं नाव म्हणजे ईएफएस, विंडोजची फाईल कुलूपबंद करायची सोय, म्हणजे फाईल नुसती अडवलेली नाही, आतून एन्क्रिप्ट केलेली आहे.

हा फरक काकींना समजावून सांगायचा होता. मी म्हटलं, काकी, घर एकाच्या नावावर होतं ते एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) आपल्या नावावर करून घेतलं तर घरात शिरता येतं, ते पुतण्याने केलं. पण आत लोखंडी पेटी आहे, तिला मास्तरांचं कुलूप आहे, उताऱ्यावर नाव बदलून पेटी उघडत नाही. नवीन विंडोजवर पुतण्याने युजरचं नाव तेच ठेवलेलं, स्पेलिंगसकट, पण विंडोजला नावाशी देणंघेणं नसतं, ते माणसाला एका लांबलचक नंबरने ओळखतं, त्याला एसआयडी म्हणतात, नवीन विंडोज टाकलं की नंबर नवा, मग मालक उंबऱ्यावर उभा असला तरी त्याच्या लेखी तो परका.

ईएफएसमध्ये प्रत्येक फाईलला वेगळी चावी असते, ती चावी मास्तरांच्या सर्टिफिकेटने, म्हणजे त्यांच्या डिजिटल ओळखपत्राने, बंद केलेली, त्या सर्टिफिकेटची खासगी चावी त्यांच्या जुन्या युजर फोल्डरमध्ये, आणि ती पुन्हा त्यांच्या लॉगिन पासवर्डच्या आधाराने बंद. म्हणजे फायली डी वर सुखरूप, चावी मात्र सी वर, आणि नवीन विंडोज नेमकं सी वरच टाकलेलं.

मास्तरांनी हे केलं कशाला तर म्हणे पूर्वी त्यांचं एक नाटक कुणीतरी न विचारता दुसऱ्या गावात बसवलं होतं. ते मनाला लागलं म्हणून त्यांनी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्क्रिप्टची खूण केली. सोय प्रो व्हर्जनमध्ये असते, एका टिचकीचं काम, पासवर्ड विचारत नाही काही नाही, त्यामुळे आपण तिजोरी बंद केलीय हे वर्षानुवर्षं जाणवतच नाही. मला हे मनापासून खटकतं. चावीचा बॅकअप घ्या म्हणून कोपऱ्यात एक सूचना येते, ती कोण वाचतं.

काकी स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सगळें गेलें न्ही रे पुता?"

मी म्हटलं थांबा, आणि सी उघडून बघितला. तिथे विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर होता! म्हणजे दुकानदाराने फॉरमॅट न मारता वरच्यावर टाकलं होतं, आणि अशा वेळी जुनं विंडोज, प्रोग्राम्स, युजर सगळं त्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलं जातं. पण विंडोज १० हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. विचारलं कधी टाकलं, तर गेल्या शनिवारी, म्हणजे आजचा सातवा दिवस. मशीन घरी चालूच राहिलं असतं तर बुधवारपर्यंत चावी गेली असती.

मग मूळ डिस्कवर काहीच करायचं नाही असं ठरवलं. ५०० जीबीची डिस्क, लिनक्सवरून दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी कॉपी काढायला लावली, मध्ये दोनदा लाईट गेली पण यूपीएसने तारलं, तीन तास गेले. मूळ डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि पुढचं सगळं कॉपीवर.

खरा प्रश्न पासवर्डचा होता. काकींना माहीत नाही, पुतण्याला माहीत नाही. काकी म्हणाल्या, "ते बटण दाबायचे आणि सरळ गणपतीचा फोटो यायचा, टाईप बिईप काही करत नव्हते." ते ऐकून मला जरा धीर आला. एकतर पासवर्ड कोरा असणार, नाहीतर त्यांनी ऑटो लॉगिन लावलेलं असणार, दोन्ही बाबतीत जुनं विंडोज जिवंत झालं तर ते स्वतःच आत जाईल. पासवर्ड उडवायची जी डिस्क असते ती मात्र मी चुकूनही लावणार नव्हतो, बाहेरून पासवर्ड बदलला की त्या चावीला कुलूप लागतं ते लागतंच.

रिकव्हरीच्या काळ्या स्क्रीनवरून नवीन विंडोजचे फोल्डर नाव बदलून बाजूला केले, जुने परत जागेवर आणले, विंडोज सुरू करणारी बूटची नोंद पुन्हा लिहून घेतली. पहिल्यांदा नुसता कर्सर लुकलुकत राहिला. परत बूट दुरुस्त केलं, दुसऱ्यांदा चार रंगांचे ठिपके फिरत एकत्र आले आणि विंडोज ७ चं चिन्ह झालं, मग वेलकम, पासवर्ड न विचारता, आणि समोर गणपतीचा फोटो.

काकी काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावला.

नाटकाचा फोल्डर उघडला. तिसऱ्या अंकाच्याच दोन फायली, 'अंक ३' आणि 'अंक ३ शेवटचा'. डबल क्लिक केलं, उघडली. मास्तर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाईप करायचे, नवीन विंडोजवर तो फाँट नसता तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसले असते, इथे सगळं शुद्ध मराठीत, 'प्रवेश पहिला' खाली दोन रेघा मारलेल्या. सगळ्या फायली फॅट ३२ च्या पेन ड्राइव्हवर घेतल्या, तिथे विंडोज ७ चं एन्क्रिप्शन टिकतच नाही त्यामुळे कॉपी साधी होते. फाँट घेतले, पीडीएफ केल्या, सर्टिफिकेट चावीसकट बाहेर काढून काकी सांगतील त्या पासवर्डने जपून ठेवलं. पासवर्ड त्यांनी गावच्या देवीचा दिला आणि मला कागदावर लिहू दिला नाही.

पैसे घ्यावेसे वाटेनात पण काकी ऐकेनात, म्हणून डिस्कचे तेवढे घेतले.

पुतण्याने तिथेच दोन्ही तिसरे अंक वाचले आणि म्हणाला, काकी, शेवट वेगवेगळे आहेत, एकात मुलगा घरी परत येतो, दुसऱ्यात येत नाही, आपण कुठला करायचा? मी म्हटलं 'शेवटचा' लिहिलंय तोच करा. काकींनी मान हलवली. "न्हय रे. तो लिहिला खरा, पण मग आजारी असताना पहिलाच दोनदा वाचून दाखवला मला. तोच करा."

मी पहिल्याच्या दहा प्रती प्रिंट काढून दिल्या, प्रॉम्प्टरसाठी एक मोठ्या अक्षरात.