थरथरती सही

दीपनगरची धुराडी मागे पडली तरी नाकातली राख जाईना. भुसावळहून पहाटे निघालेली आमची दिंडी. पुढे पताका, मधे वीणेकरी, मागे आम्ही बायका आणि सगळ्यात शेवटी गाद्या-पातेल्यांनी भरलेला टेम्पो. मुक्ताईनगर दोन दिवसांच्या चालीवर. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत तिथे मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते, खानदेशातून आणि पार बऱ्हाणपूरकडून दिंड्या येतात. मी या दिंडीत काय करतेय, हे वरणगाव यायच्या आत चार जणींनी विचारून घेतलं होतं. विचारणारच. गळ्यात माळ नाही, कपाळ कोरं आणि पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली आईचं बायबल.

मला आणलं जिजीने. जिजी रावेरकडची, केळीवाली. आमची ओळख देवळातली नाही, बुडालेल्या पतसंस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अवसायकाच्या कार्यालयाबाहेरच्या रांगेतली. त्या पतसंस्थेत तिचे दीड लाख अडकले आहेत, माझ्या आईचे साडेचार. तिने कांदेबागाच्या केळीचे पैसे नातीच्या लग्नासाठी ठेवले होते, आईने नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळालेले. एक दिवस रांगेत उन्हाने चक्कर येऊन मी पायरीवर बसले, तर जिजी म्हणाली, "इथं पाय मोडतेच हायेस, त्यापेक्षा मुक्ताईकडे चाल. तिथं निदान कोनी टोकन मागत नाई."

आईचं प्रकरण नुसतं अडकलेल्या पैशांचं नव्हतं. तिच्या ठेवीवर कर्ज उचललेलं निघालं, कागदावर तिची सही. घरी येऊन ठेव नेणारा माणूस आमच्याच चर्चच्या मंडळीतला. चहाचा कप उचलण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. आईला कंपवात जडला २०११ साली. तेव्हापासून तिच्या नावातल्या 'म'ची गाठ सुटलेली असायची आणि शिरोरेषा सातपुड्यासारखी वरखाली जायची. कर्जाच्या अर्जावरची जून २०१४ची सही मात्र कित्त्यातल्यासारखी सरळ! मी ती काउंटरवर दाखवली तेव्हा पलीकडचा बाबू म्हणाला, "सही तर चांगली आहे ताई, मग तक्रार कसली?" आई गेली ती कागदोपत्री कर्जबाजारी म्हणून.

हे सगळं जिजीला रस्त्यात सांगितलं. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी कणसांवर आली होती, हायवेवरचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. जिजीच्या डोक्यावर तुळस होती, तिचा एक हात सतत वर. ती काही बोलली नाही. पुढच्या थांब्यावर बुक्क्याची डबी उघडून तिने अंगठा माझ्या कपाळाशी आणला आणि थांबली. मी मान हलवली, नको. तिने तो अंगठा स्वतःच्या पदराला पुसला आणि तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

दुपारी वडाखाली कीर्तनकारबुवांनी मुक्ताईची गोष्ट लावली. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं, शुद्धिपत्रासाठी पैठणची वारी, लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेला ज्ञानोबा आणि बाहेर उभी राहून 'ताटी उघडा' म्हणणारी धाकटी बहीण. मग चांगदेव आला. मायना काय लिहावा ते सुचेना म्हणून त्याने कोरं पत्र पाठवलं, आणि मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. बायका हसल्या. माझ्या डोक्यात मात्र कोऱ्या कागदावर आईला करायला लावलेल्या सह्या आल्या. दोन-तीन ठिकाणी तसंही झालं होतं म्हणे.

मुक्ताई तापीकाठी कडाडत्या विजेत गुप्त झाली, देह मागे राहिला नाही, असं इथे मानतात. जिजीने विचारलं, "तुमच्या येशूचंबी असंच ना?"

तसंच नाही, म्हटलं. आमचा प्रभू देहासकट परत आला. त्याने भाजलेला मासा खाल्ला. आणि तो उठायच्या आधीच कागदपत्रं तयार होती: खोटे साक्षीदार, शिक्षा सुनावून हात धुऊन मोकळा झालेला सुभेदार पिलात, कबरेच्या धोंडेवर शिक्का, बाहेर पहारा.

"सील मारलं व्हतं?" जिजीला हे लगेच कळलं. पतसंस्थेच्या शटरचं सील तिने वर्षभर पाहिलंय.

हो. आणि कबर रिकामी निघाली तेव्हा मुख्य याजकांनी शिपायांना पुष्कळ पैसे दिले. सांगा म्हणाले, आम्ही झोपलो असताना त्याच्या शिष्यांनी रात्री येऊन त्याला चोरून नेलं.

जिजी रस्त्यातच उभी राहिली. "झोपले व्हते, तं चोर कोन ते कसं दिसलं त्याईले?"

इतकी वर्षं मी मत्तयाचं शुभवर्तमान वाचतेय, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"मंग त्या शिपायांचं काय झालं?"

"काही नाही. पैसे घेऊन गेले. पुढे त्यांचं नाव नाही."

"म्हंजे तुमच्या इथंबी वसुली बाकीच हाये," ती म्हणाली, आणि तुळस सावरून चालू लागली.

लहानपणी मला ईस्टर म्हणजे सगळं नीट झाल्याचा सण वाटायचा. नवा फ्रॉक, पहाटेची उपासना, उकडलेली अंडी. हल्ली ते वाचताना दिसतं की त्या रविवारी काहीच नीट झालेलं नव्हतं. पिलात खुर्चीवर होता. याजक याजकच होते. कबरेवर गेलेल्या बायकांचं बोलणं शिष्यांनासुद्धा वायफळ वाटलं. निकाल कोणी फिरवला नव्हता; ज्याच्यावर तो बजावला होता तोच उठून बाहेर आला. आणि बरा होऊन आला नाही. थोमा या शिष्याला दाखवले ते हात खिळ्यांच्या खुणांसकट. देवाला त्या पुसता आल्या नसत्या का? पण पुसल्या असत्या तर पिलाताचं आयतंच साधलं असतं.

हे मी जिजीला सांगितलं नाही. तिचे पाय सुजले होते, माझ्या टाचेला फोड आला होता, आणि अशा वेळी प्रवचन करणाऱ्या माणसांचा मला स्वतःलाच राग येतो.

हरताळ्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याने पंगत घातली होती. केळीच्या पानावर वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी. माझ्या वाट्याची बट्टी कडक निघाली, मोडेना. जिजीने ती माझ्या पानावरून उचलली, दोन्ही अंगठे लावून फोडली, अर्धी माझ्या पानावर टाकली आणि अर्धी स्वतःच्या. वाफ वर आली. अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या त्या दोघा शिष्यांना सोबत चालणारा येशू ओळखू आला तो भाकर मोडताना, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि घास काही वेळ तोंडातच राहिला. यरुशलेमपासून साधारण ११ किलोमीटर चालले होते ते, सगळी आशा संपली असं त्या अनोळखी माणसालाच सांगत. भुसावळ-वरणगावपेक्षा थोडं कमीच.

रात्री मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात. बल्बखाली मी बायबल उघडलं तशी जिजी जवळ सरकली. पहिल्या कोऱ्या पानावर आई दर ईस्टरला नाव आणि तारीख लिहायची. २०११, १२, १३, १४. दर वर्षीची ओळ आधीपेक्षा जास्त वाकडी. २०१४च्या सहीत 'म' ओळखूही येत नाही. खाली २० एप्रिल. बँकेतल्या नमुन्याच्या सह्या मी शोधत होते, आणि हे पान इतके दिवस माझ्याच पिशवीत होतं.

जिजीला वाचता येत नाही. तिने बोट ठेवत एकेक ओळ खाली नेली, शेवटच्या सहीवर थांबली.

"हे कोनाले जमनार नाई करायले."

मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, "सोमवारी आनजो हे पुस्तक. रांग नऊले लागते."