प्रीसेट

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडी दुकानाच्या दिवाळी कॅटलॉगचे काम एरंडवण्यातल्या माझ्या स्टुडिओत चालू होते. अकरा साड्या झाल्या होत्या आणि बारावी, वांगी रंगाची पैठणी, नेसून मॉडेल उभी होती. मुलगी सोलापूरची, पुण्यात शिकायला आलेली, वर्णाने चांगली सावळी. उंची चांगली आहे आणि पदर छान पडतो म्हणून मालकांनी तिला पसंत केले होते, रंगाबद्दल ते एवढेच म्हणाले होते, "तेवढं तुम्ही बघून घ्या." आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असल्यामुळे टिपलेला प्रत्येक फोटो लगेच पडद्यावर उमटत होता. चहाच्या वेळी ती पडद्यापाशी आली, आपला हात फोटोतल्या हाताशेजारी धरला आणि म्हणाली, "सर, हे अजून एडिट केलेलं नाही ना?"

"नाही," मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो.

"मग हा हात कुणाचा?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. फोटो संगणकात येतानाच त्यातल्या नारिंगी छटा उजळून घेणारा एक प्रीसेट, म्हणजे रंग बदलणाऱ्या आकड्यांचा आधीच ठरवून ठेवलेला संच, मी कित्येक वर्षांपूर्वी लावून ठेवला होता, कारण त्वचेचा रंग बहुतांशी त्याच छटांमध्ये असतो. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तेव्हा मीही गमतीने त्या प्रीसेटचे नाव बदलले होते. आतले आकडे तेच राहिले.

उमेदवारी मी कलर लॅबमध्ये केली. फिल्मच्या काळात छपाईचा रंग जुळवायला कोडॅकचे 'शर्ली कार्ड' असे आणि त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा कुठे फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले, असे कोडॅकच्याच जुन्या माणसांनी पुढे सांगितले आहे. हे मी वाचले होते, विद्यार्थ्यांना रंगवून सांगितलेही होते.

तिच्यासमोरच प्रीसेट काढला. तिचा हात तिच्या रंगावर आला आणि त्याबरोबर काठाची जरीही, इतका वेळ पिवळट पांढरी दिसणारी, एकदम सोन्यावर आली. पैठणीची जरी फिकी येते म्हणून मी रात्र-रात्र बसून ती हाताने दुरुस्त करीत असे, आणि दोष कॅमेऱ्याला देत असे.

संध्याकाळी मालक आले. आतल्या पानांना त्यांनी हरकत घेतली नाही, पण "कव्हरवर तरी जरा उजळ ठेवा" म्हणाले. कव्हरवरची जरी आणि दुकानातली जरी वेगळी दिसली तर गिऱ्हाईक साडी परत आणील, असे मी सांगितल्यावर ते दोन्ही फोटो बराच वेळ पाहत राहिले. "मग राहू दे," म्हणाले. त्या बोलण्यात मुलीचा विषय आलाच नाही, आणि मीही काढला नाही.

प्रीसेट आता आपोआप लागत नाही. पुसून मात्र टाकलेला नाही. लग्नाचे अल्बम करायचे असतात, आणि मुलीच्या आईचा फोन येतोच.