तुम्ही विचारलंत म्हणून: मात्सुएत आहे तरी काय?

पुण्याहून फोन आला की तब्येतीची चौकशी झाल्यावर हा प्रश्न ठरलेला असतो. "जपानमध्ये राहतेस ना, मग टोकियोत का नाही? हे मात्सुए कुठे आलं?" जपानची सहल आखणारे ओळखीचे लोक जरा वेगळं विचारतात. "टोकियो, क्योटो, हिरोशिमा करतोय. वर दोन दिवस आहेत. तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे?" फोनवर मी "या तर खरं" म्हणून विषय बदलते, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे गाव नाही. आता तुम्ही पुन्हा विचारलंच आहे, तर सविस्तर सांगते.

आधी नकाशा. होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाकडे, प्रशांत महासागराकडे पाठ करून जपानच्या समुद्राकडे बघणारी जी बाजू आहे, तिथे शिमाने नावाचा प्रांत आहे. मात्सुए त्याची राजधानी. राजधानी म्हटलं तरी वस्ती जेमतेम दोन लाखांची. बुलेट ट्रेन इकडे येत नाही. ओकायामाला उतरायचं आणि 'याकुमो' नावाच्या गाडीने डोंगर ओलांडत साधारण अडीच तासांनी पोहोचायचं. दुसरा रस्ता म्हणजे टोकियोहून रात्री दहाच्या सुमाराला सुटणारी 'सनराइझ इझुमो'. जपानमध्ये रोज धावणाऱ्या झोपून जायच्या गाड्या आता जवळपास संपल्यात, ही त्यातली शिल्लक. सकाळी साडेनऊला मात्सुए. तिकिटं महिनाभर आधी सकाळी दहाला खुली होतात, आणि सुट्टीच्या दिवसांतली तर बघता बघता जातात.

गावाच्या पश्चिमेला शिंजी सरोवर, पूर्वेला नाकाउमी सरोवर, आणि दोघांना जोडणारी ओहाशी नदी थेट गावाच्या मधून. नाकाउमी समुद्राला जोडलेलं आहे. भरतीचं खारं पाणी तिथून नदीतून उलटं वर सरकतं आणि शिंजीपर्यंत पोहोचतं. त्यामुळे शिंजीचं पाणी ना गोडं ना खारं, मचूळ. खारेपणा समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. हे मचूळ पाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

किल्ल्यापासून सुरू करते, कारण गावच किल्ल्यासाठी वसवलेलं. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईनंतर हा मुलूख होरिओ घराण्याला मिळाला. आधीचा किल्ला आत डोंगरावर होता. लढायला उत्तम, पण बाजारपेठ वसवायला आणि होड्या लावायला निरुपयोगी. होरिओ योशिहारूने सरोवराकाठची दलदल निवडली, १६०७ मध्ये काम काढलं, खंदक खणून निघालेल्या मातीने भराव घातला. १६११ मध्ये मुख्य बुरूज उभा राहिला आणि त्याच वर्षी योशिहारू वारला. घराण्याला वारस न उरल्याने होरिओही फार टिकले नाहीत. १६३८ मध्ये, सेकिगाहारा जिंकून जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूचा नातू मात्सुदाईरा नाओमासा आला आणि पुढे सरंजामशाही संपेपर्यंत त्याच घराण्याच्या दहा पिढ्यांनी इथे राज्य केलं.

हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला बघून आलेल्यांना हा पहिल्यांदा उदास वाटतो. काळ्या लाकडी फळ्या, जाड, बसका. मला मात्र हाच आवडतो, कारण आत शिरलं की हा दिखाव्याचा नाही, वेढ्याच्या तयारीचा आहे हे कळतं. तळघरात विहीर आहे. जिने हलक्या पावलोनिया लाकडाचे, शत्रू आत आलाच तर वर ओढून घेता यावेत म्हणून. खांब जवळून बघा. मोठाले ओंडके मिळाले नसावेत, म्हणून कित्येक खांबांना बाहेरून फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलं आहे. या पट्ट्यांवर हात फिरवल्याशिवाय मी कुठल्याही पाहुण्याला वर नेत नाही.

हा किल्ला आज उभा आहे तो जवळजवळ नशिबाने. सरंजामशाही संपवून आलेल्या मेइजी सरकारला जुने किल्ले नको होते. १८७५ मध्ये इथल्या इमारती लिलावात काढल्या आणि मुख्य बुरुजाची किंमत लागली १८० येन, म्हणजे लाकूड-लोखंडाचा मोडीचा भाव. तेव्हा काट्सुबे मोतोएमोन नावाचा सधन शेतकरी आणि ताकागी गोन्पाची नावाचा माजी सामुराई, या दोघांनी पैसे उभे करून तो वाचवला. बाकी सगळं पाडलं गेलं. पुढची गंमत अशी की किल्ला कधी पुरा झाला याचा लेखी पुरावाच हाताशी नव्हता, त्यामुळे 'राष्ट्रीय ठेवा' हा सर्वोच्च दर्जा मिळत नव्हता. २०१२ मध्ये किल्ल्याच्याच आवारातल्या मात्सुए देवळात प्रार्थनेच्या दोन लाकडी पाट्या सापडल्या, १६११ सालच्या. पाट्यांवरची खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली. २०१५ मध्ये दर्जा मिळाला. जपानात असे किल्ले पाचच आहेत.

किल्ल्याभोवतीचा खंदक अजून वाहता आहे आणि त्यात प्रवासी होड्या फिरतात. पूल आला की होडीवाला आवाज देतो, होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांनी पुढे वाकायचं. काही पूल इतके बुटके आहेत की कपाळ गुडघ्यांना टेकतं. थंडीत होडीत कोतात्सू असतो, म्हणजे रजई घातलेलं, खालून गरम होणारं बैठं टेबल. पाय आत घालून बसायचं. पर्यटकांसाठीचा प्रकार आहे हे मान्य, पण माझ्या आईला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

सातवा मात्सुदाईरा, हारुसातो, हा माझ्या मते या गावाचा सगळ्यात मजेदार माणूस. १७६७ मध्ये पोरवयात गादीवर आला तेव्हा संस्थान कर्जात बुडालेलं होतं. कारभाऱ्याने निर्दयपणे खर्च कापले, जिनसेंग आणि मेणासारखी नगदी पिकं वाढवली, तिजोरी भरली. मग या साहेबांनी काय केलं? चहाची जुनी दुर्मीळ भांडी खरेदी करायला सुरुवात केली. 'फुमाई' या नावाने तो जपानच्या थोर चहा-आचार्यांत गणला जातो. उधळपट्टी म्हणा हवं तर, पण दोनशे वर्षांनंतर गाव त्या उधळपट्टीवर जगतंय. क्योटो आणि कानाझावाच्या बरोबरीने मिठाईसाठी मात्सुएचं नाव घेतात. 'वाकाकुसा' म्हणजे हिरव्या पिठीत घोळवलेला मऊ तांदळाचा तुकडा, 'यामाकावा' म्हणजे लाल-पांढऱ्या साखरेच्या दाबून केलेल्या वड्या. यामाकावा सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची. शिवाय इथे माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, हा सोहळा नाही. शेजारच्या आजी दुपारी टीव्हीसमोर बसून घुसळतात, मीही गेले की एक वाटी पुढे येते, गुडघे दुमडून बसायची सक्ती नाही.

आता लाफ्काडिओ हर्न. ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, अमेरिकेत पत्रकारी केलेला हा एका डोळ्याने आंधळा लेखक १८९० मध्ये इथे इंग्रजी शिकवायला आला. राहिला जेमतेम सव्वा वर्ष. हिवाळा सोसला नाही, १८९१ च्या नोव्हेंबरात दक्षिणेला कुमामोतोला गेला. पण तेवढ्यात कोइझुमी सेत्सू त्याला भेटली, मेइजी काळात तनखा बुडाल्याने दारिद्र्यात आलेल्या इथल्याच सामुराई घराण्यातली. लहानपणापासून विणकाम करून घर चालवायला मदत करणारी. भुताखेतांच्या गोष्टी ती त्याला सांगायची. त्याची अट एकच, पुस्तकातून वाचायचं नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचं. १८९६ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि कोइझुमी याकुमो झाला. खंदकाकाठच्या शिओमी नावाते या सामुराई आळीत त्याचं घर जसंच्या तसं आहे. तीन बाजूंना छोट्या बागा, शेजारी संग्रहालय, तिथे त्याचं उंच टेबल, कारण उरलेल्या डोळ्यालाही कमीच दिसायचं. बाकी हर्नच्या नावावर हे गाव बिअरसुद्धा विकतं, आणि सेत्सूवरची टीव्ही मालिका आल्यापासून तर विचारू नका. माझं मत विचाराल तर गोष्टी सेत्सूच्या आहेत, त्याने लिहून घेतल्या.

सरोवराकडे वळते. शिंजीत 'शिजिमी' मिळतात. आपल्या तिसऱ्यांची काळी, नखाएवढी धाकटी भावंडं म्हणा. पहाटे छोट्या होड्या निघतात. कोळी लांबलचक दांड्याच्या टोकाला लोखंडी पिंजरा लावून तो तळातून ओढतो, सगळं अंग त्या दांड्यावर टाकून. वर आलेला माल चाळायचा, बारीक शिंपले परत पाण्यात. कुठल्या दिवशी, किती तास, किती माल, सगळं मच्छीमारांनी आपसांत बांधून घेतलेलं आहे. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, पातळ कढणात शिजिमी उकळून सकाळी पितात. बाहेरचे लोक नुसता रस्सा पिऊन शिंपले वाटीत ठेवतात. आजींना ते बघवत नाही, एकेक उघडून त्यातलं इवलंसं मांस काढून खायला लावतात.

या शिजिमी फक्त मचूळ पाण्यातच वाढतात, आणि ते पाणी घालवायचा सरकारचा पक्का बेत होता. १९६३ मध्ये प्रकल्प सुरू झाला. भातशेतीला जमीन आणि पाणी हवं म्हणून नाकाउमीचा काही भाग बुजवायचा, समुद्राच्या तोंडाला दरवाजे घालायचे आणि दोन्ही सरोवरं गोडी करायची. दरवाजे बांधूनही झाले. पण तोवर जपानमध्ये तांदूळ उरायला लागला होता, शेतकऱ्यांना भात कमी पिकवा म्हणून सरकारच सांगत होतं. कोळी आणि गावकरी उभे राहिले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. १९८८ मध्ये काम थांबलं, २००० मध्ये भरावाचा उरलेला भाग रद्द झाला, २००२ मध्ये पाणी गोडं करण्याचा बेतही. नंतर ते दरवाजे काढून टाकले. म्हणजे बांधायचा खर्च आणि काढायचाही. १८० येनांच्या बुरुजानंतरचं हे दुसरं वाचणं, फक्त यावेळी दोघांनी भागलं नाही, चाळीस वर्षं लागली.

मी इथे कशी? सॉफ्टवेअरमुळे. रूबी ही प्रोग्रामिंगची भाषा १९९५ मध्ये जगासमोर आणणारे मात्सुमोतो युकिहिरो इथेच राहतात. २००६ पासून महापालिकेने त्यावरून छोट्या कंपन्या गोळा करायचा उद्योग आरंभला. पुण्यात रूबी ऑन रेल्सवर, म्हणजे रूबीत वेबसाइट बांधायच्या साधनावर, रात्री घालवलेल्यांना एवढं पुरे.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. पाऊस. "डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस" अशी इकडची म्हण आहे, आणि ती अतिशयोक्ती नाही. बस तुरळक, दुकानं लवकर बंद. शाकाहारी असाल तर कठीण आहे. इझुमो सोबा, म्हणजे या भागातल्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गोल लाकडी डब्यांच्या चळतीत येतात, दिसायला निरुपद्रवी, पण वर ओतायचा रस माशाचा असतो. हेही माहीत असू द्या की अणुवीज केंद्र महापालिकेच्या हद्दीतच आहे, प्रांताच्या राजधानीत असं केंद्र जपानमध्ये दुसरं नाही. त्यातली दुसरी अणुभट्टी डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

दोन दिवसांत काय करायचं? पहिल्या दिवशी किल्ला, होडी, हर्नचं घर. दुसऱ्या सकाळी गेश्शोजी, मात्सुदाईरांच्या समाधींचं देऊळ. तिथे पाठीवर शिळा घेतलेलं एक अजस्र दगडी कासव आहे, ते रात्री गावात हिंडायचं अशी गोष्ट. जूनमध्ये तिथे हायड्रेंजिया फुलतात. वेळ असेल तर कामोसू देऊळ, इझुमो पद्धतीच्या देवळांतलं उभं असलेलं सगळ्यात जुनं, १५८३ चं. इझुमोचं मोठं देऊळ सगळेच करतात, त्याचं मी काय सांगू. नदीतला नौकांचा उत्सव होरान-एन्या दहा वर्षांनी एकदा होतो, पुढचा २०२९ मध्ये, त्या हिशोबाने येणार असाल तर हॉटेल आत्तापासून बघा. संध्याकाळी सूर्यास्ताला सरोवराकाठच्या शिमाने कला संग्रहालयात जा. मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं, घड्याळाप्रमाणे नाही. मंगळवारी मात्र सुट्टी असते, तेवढा वार बघून तिकीट काढा.